तलावात उतरणारे खाजगी जागेचे पाणी आराखड्यात कसे धरावे

भंडारा जिल्ह्यातील एका ग्रामपंचायत सदस्यांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. गावाला लागून माजी मालगुजारी तलाव (मालगुजारांच्या काळातला जुना गावतलाव) आहे. गावठाणातल्या नाल्यांचे आणि वरच्या शिवाराचे पाणी त्यात उतरते, आणि पावसाळ्याच्या सुरुवातीच्या दोन-तीन सरींनंतर पाणी काळपट होऊन मासळी मरते. उपाय म्हणून तलावाच्या तोंडाशी गाळ बसवणारी टाकी आणि तिच्यापुढे पाणवनस्पतींचा पट्टा करण्याचे ठरले आहे. परंतु अंदाजपत्रक करणाऱ्यांनी त्यात रस्ते, शाळा, ग्रामपंचायतीचे आवार आणि बाजाराची जागा एवढ्याच क्षेत्राचे पाणी धरले. घरांची आवारे, शेते आणि राईस मिल या खाजगी मालमत्ता असल्यामुळे त्यांचे पाणी ‘आपल्या कक्षेत येत नाही’, असे त्यांचे म्हणणे आहे. हे बरोबर आहे काय, आणि नसेल तर खाजगी पाण्याचा हिशेब कसा मांडावा?

हे बरोबर नाही. टाकीचा आकार ठरवताना त्या जागी प्रत्यक्ष येऊन पोहोचणारे सगळे पाणी धरावे लागते, मग ते कोणाच्याही जागेतून आलेले असो. जमीन कोणाची, हा प्रश्न त्यानंतर येतो. खर्च कोणी करायचा, देखभाल कोणाकडे राहील आणि झालेल्या सुधारणेचे श्रेय कोणत्या कामाला द्यायचे, हे ठरवताना मालकी पाहावी. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक फसलेल्या आराखड्यांत या दोन गोष्टी एकाच तक्त्यात कोंबलेल्या असतात, आणि मग ज्याच्यावर अधिकार नाही ते पाणी कागदावरून गायब होते. म्हणून पहिला तक्ता पाण्याचा आणि दुसरा जबाबदारीचा, असे दोन तक्ते सुरुवातीपासून वेगळे ठेवावेत.

पाण्याच्या तक्त्याचे एक उदाहरण घेऊ. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत; आपल्या गावाचे आकडे मोजूनच घालावेत. समजा तलावाच्या त्या तोंडाशी एकूण ६० हेक्टर क्षेत्राचे पाणी येते. त्यात रस्ते व सार्वजनिक जागा ३ हेक्टर, घरे व त्यांची आवारे ११ हेक्टर, राईस मिल २ हेक्टर, गायरान ४ हेक्टर आणि शेते ४० हेक्टर आहेत. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० घनमीटर पाणी, हे गणित सोपे आहे. जूनमध्ये, जमीन कोरडी असताना, २५ मिलिमीटरची सर आली आणि वाहून येणारा भाग सिमेंट रस्त्यांवरून ८५ टक्के, घरांच्या आवारांतून ५० टक्के, मिलच्या आवारातून ७० टक्के, गायरानातून २० टक्के आणि शेतांतून ५ टक्के धरला, तर रस्त्यांचे सुमारे ६४० घनमीटर, घरांचे १,३७५, मिलचे ३५०, गायरानाचे २०० आणि शेतांचे ५०० घनमीटर पाणी येते. एकूण तीन हजारांहून थोडे अधिक. फक्त रस्त्यांचे व सार्वजनिक जागेचे पाणी धरून बांधलेली टाकी यातल्या जेमतेम पाचव्या हिश्श्यासाठी पुरेल.

लहान टाकी म्हणजे पाचव्या हिश्श्याएवढा तरी फायदा झाला, असे येथे समजू नये. क्षमतेच्या पाचपट पाणी त्याच टाकीतून गेले की आधीच्या सरीत तळाशी बसलेला गाळ पुन्हा ढवळून निघतो आणि तलावात जातो. म्हणजे चार लहान सरींत साठलेली घाण पाचव्या सरीत एकदम तलावात उतरते, आणि मासळीला तोच झटका अधिक जोरात बसतो. जागा किंवा पैसा अपुरा असल्यामुळे टाकी लहानच करावी लागणार असेल, तर टाकीच्या आधी एक वाटप कुंडी बांधून जादा पाणी बाजूने काढून द्यावे आणि आराखड्यात तसे स्पष्ट लिहावे. तीन हजार घनमीटर पाण्याला एक मीटर खोलीने सुमारे पाऊण एकर जागा लागते; गावाजवळ तेवढी जागा मिळणे कठीण असते, हे मला मान्य आहे. एक सूचना जाता जाता करतो. ‘सरकारी जागा आहे’ म्हणून जी जागा दाखवली जाते ती महसुली नोंदीत झुडपी जंगल आहे काय, हे आधी पाहावे. तशी नोंद असेल तर वनविभागाच्या परवानगीवाचून तेथे कुदळ मारता येत नाही.

आता हेच गणित ऑगस्टचे करून पाहा. बांध्या (धानाची बांध घातलेली खाचरे) तुडुंब भरलेल्या असतात, जमीन पाणी घेत नाही, आणि शेतांतून वाहणारा भाग ५ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर जातो. त्याच २५ मिलिमीटर पावसात शेतांचे पाणी ५०० ऐवजी ४,००० घनमीटर होते, तर रस्त्यांचे ६४० च राहते. घरांचे, मिलचे आणि गायरानाचे पाणी थोडे वाढले असे धरले तरी एकूण सात हजारांच्या घरात जाणाऱ्या पाण्यात निम्म्याहून अधिक वाटा शेतांचा असतो. तेव्हा ‘खाजगी पाणी’ असा एकच रकाना ठेवणेही चुकीचे आहे. जूनमधली काळी, वास मारणारी घाण मुख्यतः गावठाणाची असते: उकिरड्याचा निचरा, गोठ्यातले मूत, नालीत उन्हाळाभर साचलेला गाळ, मिलची राख. जुलै-ऑगस्टमधले गढूळ पाणी शेतांचे असते. दोघांवर उपाय वेगळा, दोघांचे मालक वेगळे, आणि त्यांच्याशी बोलण्याची वेळही वेगळी.

हा फरक डोळ्यांनी पाहण्याचा एक साधा प्रयोग मी प्रत्येक गावात करायला लावतो. एका लिटरच्या दोन पारदर्शक बाटल्या घ्याव्यात. पहिलीत गावठाणातल्या नालीचे पहिल्या सरीचे पाणी भरावे, दुसरीत रोवणीच्या (धानाच्या लावणीच्या) दिवसांत बांधीतून उतरणाऱ्या पाटाचे. दोन्ही ग्रामपंचायतीच्या खिडकीत रात्रभर न हलवता ठेवाव्यात. सकाळी पहिल्या बाटलीत तळाशी बोटभर काळा गाळ बसलेला असतो आणि वरचे पाणी बरेच निवळलेले दिसते. दुसरी बाटली मात्र तशीच दुधाळ चहासारखी असते. कारण कणांच्या आकारात आहे. ०.१ मिलिमीटरचा वाळूचा कण स्थिर पाण्यात एक मीटर खाली जायला दोन मिनिटे घेतो. दोन मायक्रॉनच्या चिकणमातीच्या कणाला तेवढ्याच अंतरासाठी सुमारे तीन दिवस लागतात, आणि कन्हार (काळ्या चिकण) जमिनीतले पुष्कळसे कण त्याहूनही बारीक असतात. चिखलणीमुळे ते मोकळे होऊन पाण्यात तरंगत राहतात. स्फुरद (फॉस्फरस) बहुतांशी अशाच बारीक कणांना चिकटून येते. ज्या टाकीत पाणी तास-दोन तासच थांबते तिच्याकडून हे काम होणे नाही, मग तिच्यावर कितीही पैसा घातला तरी. शेतातली माती शेतातच थांबवावी लागते.

म्हणून सार्वजनिक पैसा खाजगी जमिनीवर का घालावा, या आक्षेपाचे उत्तर मी तत्त्वाने देत नाही, या बाटलीने देतो. तलावाच्या तोंडाशी जे काम होऊच शकत नाही ते वरच्या धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) थोड्या खर्चात होते. मात्र येथे एक अडचण आहे, आणि ती शहरी पद्धतीचे आराखडे उतरवून घेणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. ज्या शेतांचे पाणी गढूळ आहे त्याच शेतांच्या पाण्यावर आपला तलाव भरतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत असे सहा हजारांहून अधिक मामा (माजी मालगुजारी) तलाव आहेत, आणि ते मुळात धानाच्या ओलितासाठी बांधलेले आहेत. पाणी स्वच्छ करण्याच्या भरात वरच्या बाजूला शेततळ्यांची रांग लावली तर तलावाचा येवा घटतो, आणि खालच्या ओलितदारांशी भांडण उभे राहते. तेव्हा शेतांसाठी असे उपाय निवडावेत की ज्यांत माती अडेल पण पाणी पुढे जाईल. वरच्या सोयाबीन-तुरीच्या वावरात उतारास आडवी पेरणी आणि धुऱ्यावर गवताचा पट्टा ठेवावा. बांध्यांत पाणी उतरण्याच्या जागी दगडांची पिचिंग (दगड रचून केलेले अस्तर) करावी, म्हणजे दरवर्षी बांध फोडून नवा घळ पडणार नाही. चिखलणीचे गढूळ पाणी त्याच दिवशी खाली सोडू नये आणि युरिया दिल्यावर काही दिवस बांधी फोडू नये, या दोन गोष्टींना तर काहीच खर्च नाही. उलट शेतकऱ्याचे खतच वाचते, आणि बैठकीत हाच मुद्दा पटतो; तलावाच्या प्रदूषणावरचे व्याख्यान पटत नाही.

क्षेत्र कसे मोजावे, याविषयी. सातबाऱ्यावर क्षेत्र मिळते, उतार मिळत नाही. गावठाणात तर सातबाराच नसतो. तेथे ग्रामपंचायतीचा नमुना ८ आणि स्वामित्व योजनेच्या ड्रोन मोजणीतून तयार झालेला नकाशा उपयोगी पडतो, कारण त्यात छप्पर किती व मोकळे आवार किती हे दिसते. पाणलोटाची हद्द मात्र शिवाराच्या हद्दीशी जुळत नाही. शेजारच्या गावाची दहा-वीस एकर शेते आपल्या तलावात उतरत असतील तर तीही पाण्याच्या तक्त्यात आली पाहिजेत. नकाशावर काढलेली हद्द चांगला पाऊस चालू असताना छत्री घेऊन एकदा पायी तपासावी, कारण एखादी नवी मोरी किंवा उंच केलेला सिमेंट रस्ता पाण्याची वाट बदलून टाकतो आणि नकाशाला त्याचा पत्ता नसतो.

पांदण रस्त्यांकडे विशेष लक्ष द्यावे. वर्षानुवर्षे बैलगाड्या आणि आता ट्रॅक्टर जाऊन पांदण दोन्ही बाजूंच्या शेतांपेक्षा खोल होते, आणि पावसाळ्यात तिचा नाला होतो. कागदावर पांदण सार्वजनिक असते, म्हणून तिच्यातून आलेले सगळे पाणी ‘सार्वजनिक’ रकान्यात टाकले जाते. प्रत्यक्षात ते दोन्ही बाजूंच्या वीस-पंचवीस खातेदारांचे असते. पाणी कोणत्या वाटेने आले यावरून त्याचा रकाना ठरवू नये. ते कोठे पडले यावरून ठरवावे.

मातीचा आणि घाणीचा भार काढणे त्यानंतर सोपे आहे: घनमीटर गुणिले मिलिग्रॅम प्रति लिटर, भागिले एक हजार, म्हणजे किलोग्रॅम. घरांच्या १,३७५ घनमीटर पाण्यात दर लिटरला ४०० मिलिग्रॅम गाळ सापडला तर त्या एका सरीत ५५० किलो गाळ आला. यातला ४०० चा आकडा नमुना घेऊनच ठरवावा. अमेरिकेत १९८७ मध्ये शहरी पाणलोटांसाठी मांडलेली जी ‘सोपी पद्धत’ सल्लागारांच्या संगणकात असते ती छपरे आणि डांबरी रस्त्यांसाठी आहे. बांधीला आणि गोठ्याला ती लावू नये. नमुने गल्लीच्या तोंडाशी, मिलच्या वर व खाली, आणि पांदण गावाला मिळते तेथे घ्यावेत. तलावाच्या तोंडाशी घेतलेल्या एकाच नमुन्यातून घाण आहे एवढेच कळते, कोणाची ते कळत नाही.

राईस मिलचा प्रश्न मात्र वेगळा काढावा. उसना (उकडा) तांदूळ करणाऱ्या मिलमधून भिजवणीचे पाणी बाहेर येत असेल तर ते पावसाचे पाणी नव्हे, ते औद्योगिक सांडपाणी आहे. जल प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, १९७४ नुसार ते असे ओढ्यात किंवा तलावात सोडता येत नाही, आणि त्यावर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे नियंत्रण आहे. ते पाणी आपल्या टाकीच्या क्षमतेत धरून ग्रामपंचायतीच्या निधीतून शुद्ध करणे म्हणजे मिलमालकाचा खर्च गावाने उचलणे होय. ओळखण्याची खूण सोपी आहे: आठवडाभर पाऊस नसताना मिलच्या मागची नाली वाहत असेल तर तो विषय मंडळाकडे लेखी कळवावा. मिलच्या आवारात उघड्यावर पडलेली तुसाची राख पावसाने धुऊन येते तो भाग मात्र पावसाच्या तक्त्यातच राहील, आणि तेथे राखेच्या ढिगाला कठडा व छप्पर एवढाच उपाय बहुधा पुरतो.

घरांच्या सांडपाण्याबाबतही असाच घोटाळा होतो. जलजीवन मिशनच्या दरडोई दररोज ५५ लिटर या मापाने दोन हजार वस्तीला दिवसाला ११० घनमीटर पाणी पुरवले जाते, आणि त्यातले बरेचसे त्याच नालीत येते. ते पावसाच्या गणितात मिसळू नये, पण ते रोज टाकीत येऊन तिची जागा अडवते हे विसरूही नये. शोषखड्डे येथे खरे उपयोगी आहेत. कन्हार जमिनीत ते लवकर तुंबतात, सिहार (हलक्या) जमिनीत चांगले चालतात. म्हणून सरसकट ‘घर तेथे शोषखड्डा’ असे न करता माती पाहून ठरवावे, आणि जेथे शोषखड्डा चालत नाही तेथे परसबागेत पाणी वळवावे.

आता दुसरा तक्ता, जबाबदारीचा. वरच्या जमिनीवर नैसर्गिकपणे पडलेले पाणी खालच्या जमिनीवर नैसर्गिक उताराने वाहू देण्याचा वरच्या मालकाचा हक्क १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमाने मान्य केलेला आहे. त्यामुळे ‘तुमच्या शेताचे पाणी आमच्या तलावात येऊ देणार नाही’ अशी भाषा ग्रामपंचायतीने करू नये. ती टिकणार नाही. परंतु हा हक्क नैसर्गिक पाण्याचा आहे. उकिरडा नालीच्या काठावर रचण्याचा किंवा फवारणीचा पंप तलावात धुण्याचा हक्क त्यातून निघत नाही. खतखड्डे नालीपासून दूर हलवणे, रिकाम्या औषधांच्या बाटल्या गोळा करणे, जनावरे धुण्याची जागा ठरवणे, या बाबी ग्रामसभेच्या ठरावाने होऊ शकतात. मात्र तलावावर निस्तार हक्कांची, म्हणजे गावकऱ्यांच्या परंपरागत वापराच्या हक्कांची, जुनी नोंद असते. कोणाला आंघोळीचा, कोणाला जनावरांना पाणी पाजण्याचा हक्क आहे, हे निस्तार पत्रकात पाहिल्याशिवाय काठाला कुंपण घालू नये, आणि मासेमारी संस्थेचा ठेका असेल तर तिला पहिल्याच बैठकीला बोलवावे. पाणी बिघडल्याचे सर्वांत आधी मासेमारी करणाऱ्या ढिवर बांधवांनाच कळते.

खाजगी जमिनीवर सार्वजनिक निधीतून काम करायचे असेल तर साध्या कागदावरच्या संमतीवर थांबू नये. आज संमती देणारा खातेदार उद्या जमीन विकतो, आणि नवा मालक गवताचा पट्टा नांगरून टाकतो. लहान कामांना तेवढा धोका पत्करून संमतीपत्र पुरे आहे. कायम स्वरूपाच्या कामासाठी, म्हणजे टाकी किंवा पाणवनस्पतींच्या पट्ट्यासाठी, नोंदणीकृत दस्त करून फेरफाराने सातबाऱ्याच्या इतर हक्कांत नोंद घ्यावी. गाळ काढायला यंत्र जाण्याचा रस्ताही त्याच दस्तात लिहावा. तो लिहिलेला नसतो म्हणून कितीतरी टाक्या बांधल्या त्या वर्षानंतर साफच झालेल्या नाहीत.

श्रेय मांडताना दोन पथ्ये पाळावीत. पहिले असे की, जे क्षेत्र सुरुवातीच्या भारात धरलेले नाही त्यातली सुधारणा नंतर दाखवता येत नाही. आपल्या अंदाजपत्रकात घरांची आवारे वगळली आहेत. उद्या त्याच आवारांत दोनशे शोषखड्डे केले तर त्यांचा फायदा कोणत्या आकड्यातून वजा करणार? दुसरे असे की, वर आणि खाली केलेल्या कामांच्या टक्क्यांची बेरीज करू नये. आवारातल्या उपायांनी १०० किलोपैकी ४० किलो अडले आणि टाकी आलेल्या भाराच्या निम्मा भार अडवते असे धरले, तर टाकी उरलेल्या ६० पैकी ३० अडवेल. एकूण ७० किलो, ९० नव्हे. कृषी विभागाने आधीच केलेली बांधबंदिस्ती किंवा शेततळे आपल्या प्रकल्पाचे यश म्हणून पुन्हा मोजू नये. ती सुरुवातीच्या स्थितीत धरावीत. आणि मालकाच्या मर्जीवर अवलंबून असलेल्या उपायांचा अपेक्षित फायदा मी आराखड्यात निम्म्याहून अधिक कधीच धरत नाही, आणि दुसऱ्या पावसाळ्यानंतर पाहणी करून जे उपाय प्रत्यक्ष शिल्लक आहेत तेवढेच पुढे नेतो. टाकीचा आकार तर खाजगी उपाय मुळीच झाले नाहीत असे समजून ठरवावा. ते झाले तर टाकीतला गाळ उशिरा भरेल, आणि तो फायदा देखभालीच्या खर्चात दिसेल.

पावसाचे माप किती धरावे, हेही विचारले जाईल. येथे पुराचे माप लावू नये. हवामान खाते ६४.५ मिलिमीटर आणि त्याहून अधिक पावसाला जोरदार म्हणते; पूर्व विदर्भात असे दिवस पावसाळ्यात येतातच, पण त्या पाण्यासाठी सलंग (तलावातले जादा पाणी बाहेर पडण्याची जागा) आहे, टाकी नव्हे. वर्षभरातल्या घाणीचा मोठा भाग लहान व मध्यम सरींतून येतो, म्हणून २५ मिलिमीटरच्या आसपासचे माप गावासाठी पुरेसे आहे. तालुक्याच्या पर्जन्यमापकाच्या दैनंदिन नोंदी पाहून ते थोडे वर-खाली करता येईल.

आपल्या प्रकरणात अंदाजपत्रक परत मागवून त्यात संपूर्ण ६० हेक्टरचा, किंवा आपले जे काही क्षेत्र निघेल त्याचा, जून व ऑगस्ट असा दोन वेळांचा पाण्याचा तक्ता जोडायला सांगावा. निधीच्या बाजूने, वित्त आयोगाच्या बंधित (ठरावीक कामांसाठीच वापरता येणाऱ्या) निधीत स्वच्छतेचा जो हिस्सा आहे त्यातून सार्वजनिक भागाची कामे बसतात. शेतांवरची कामे कृषी विभाग आणि रोजगार हमीच्या आराखड्यात टाकावीत. तलावाचे ओलित १०० हेक्टरपर्यंतचे असेल तर तो जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारे विभागाकडे असतो. त्यांची ना-हरकत तांत्रिक मान्यतेच्या आधी घ्यावी. खातेदारांकडून वर्गणी घ्यावी काय, हा प्रश्न आपण शेवटी विचारला आहे. शेतकऱ्यांकडून घेऊ नये. त्यांचा वाटा धुऱ्यावर सोडलेल्या जमिनीच्या रूपाने आधीच आलेला असतो. मिलमालकाने राखेच्या ढिगाचा कठडा स्वखर्चाने बांधावा. घरांकडून शोषखड्ड्याची देखभाल एवढेच मागावे, आणि टाकीतला गाळ दरवर्षी मे अखेरपर्यंत काढण्याचा खर्च ग्रामपंचायतीने आपल्या अंदाजपत्रकात स्वतंत्र लेखाशीर्षाखाली धरावा.